बेटांची रांग तुटते तिथे

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गेन बंदरातून वर्षाचे बारा महिने, रोज एक जहाज उत्तरेला निघतं. वाटेत ३४ बंदरांना लागत, आर्क्टिक वृत्त ओलांडत ते रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला पोहोचतं आणि तिथून परत फिरतं. जाताना सहा रात्री, येताना पाच. एका बाजूचं अंतर सुमारे १,२५० सागरी मैल, म्हणजे साधारण २,३०० किलोमीटर. हा किनारा उत्तरेकडे जाता जाता पूर्वेला इतका वळतो की किर्केनेस हे गाव इस्तंबूलच्याही पूर्वेला आहे.

जगभरातले पर्यटक या प्रवासाला येतात ते मुख्यतः किनाऱ्यावरच्या सहलींसाठी. कड्यांमध्ये शिरलेले फियॉर्ड, लोफोटेनची कोळीगावं, नॉर्थ केपचं टोक, उन्हाळ्यातला मध्यरात्रीचा सूर्य आणि हिवाळ्यातला ध्रुवीय प्रकाश ही त्यांची यादी असते. जाण्याआधी बहुतेकांच्या मनात एक धास्तीही असते, की समुद्र खवळलेला असला तर काय? सहलीच्या माहितीपत्रकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर छापलेल्या असतात. निसर्गात मात्र त्या एकच आहेत. जहाजाला हलवणाऱ्या अटलांटिकनंच हा किनारा घडवला, उबदार ठेवला आणि पोसला. हे लक्षात ठेवून प्रवास केला, तर समुद्राचे वाईट तासही पाहण्यासारखे होतात.

टपालाची वाट

ही वाट पर्यटनासाठी आखलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ट्रॉन्हाइमहून हामरफेस्टला पाठवलेलं पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी पोहोचायचं, हिवाळ्यात पाच महिने लागायचे. उत्तरेकडच्या मासेमारीवर देशाचा मोठा व्यापार चालत होता, पण बाजारभाव कळेपर्यंत हंगाम उलटून जायचा. सरकारनं वर्षभर चालणाऱ्या जलद बोटसेवेसाठी कंपन्यांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी नकार दिला. उत्तरेला हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही, आणि ट्रॉन्हाइमच्या पुढे तेव्हा अवघी २८ दीपगृहं होती. अशा अंधारात, खडकांच्या जाळ्यातून रात्री बोट हाकायची कशी?

व्हेस्टेरालेन बेटांवरच्या एका छोट्या कंपनीचे कॅप्टन रिचर्ड विथ यांनी ही जबाबदारी घेतली. ते आणि त्यांचे वाटाडे अँडर्स होल्टे बरीच वर्षं आपल्या फेऱ्यांची बारकाईनं टिपणं ठेवत होते. कुठल्या दिशेला, किती वेगानं, किती मिनिटं गेलं की वळायचं, हे सगळं त्यांच्या वहीत होतं. होकायंत्र, घड्याळ आणि वही यांच्या भरवशावर रात्री बोट चालवता येईल अशी त्यांची खात्री होती. २ जुलै १८९३ रोजी ‘व्हेस्टेरालेन’ ही आगबोट ट्रॉन्हाइमहून निघाली आणि ६७ तासांत हामरफेस्टला पोहोचली. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, सेवेची सुरुवात बर्गेनहून होऊ लागली. हीच ती ‘हुर्टिगरुटेन’, म्हणजे जलद वाट.

कोकणच्या लांब पल्ल्याच्या आगबोटी पावसाळ्यात बंद राहत, आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की किनाऱ्याचे व्यवहार पुन्हा सुरू होत. आपल्याकडच्या मोसमी वाऱ्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं, म्हणून हे शक्य होतं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर वादळांना असा ठरलेला मुहूर्त नाही. हिवाळ्यात ती जास्त येतात, पण केव्हाही येऊ शकतात. तिथे सेवा चालवायची तर वादळांसकट चालवायची, हाच करार होता.

भिंतीच्या आतला समुद्र

मग अशी सेवा इतकी वर्षं चालली कशी? याचं उत्तर नकाशात आहे. नॉर्वेच्या मुख्य भूमीला लागून दोन लाखांहून अधिक लहानमोठी बेटं आहेत. त्यातली हजारो म्हणजे पाण्यावर पाठ काढलेले नुसते खडक. ही रांग मुख्य भूमी आणि खुला समुद्र यांच्या मधे उभी आहे, आणि जहाज बहुतेक वेळ तिच्या आतल्या बाजूनं जातं.

लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा वेग, वारा किती वेळ वाहिला, आणि त्याला किती लांबवर मोकळं पाणी मिळालं. अटलांटिकवर वाऱ्याला हजारो किलोमीटरची मोकळीक मिळते. बेटांच्या आत मात्र ती काही किलोमीटरवर येते. त्यामुळे वारा तेवढाच जोरात असला तरी आतलं पाणी नुसतं शहारतं. डोंगराएवढी लाट उठायला तिथे जागाच नसते. बाहेर वादळ असताना आत जेवणघरातल्या टेबलावरचा चहाही सांडत नाही, हा अनुभव या प्रवासात अनेकांना येतो.

पण ही रांग सलग नाही. काही ठिकाणी ती तुटते, आणि तिथे जहाजाला खुल्या समुद्रात यावंच लागतं. दक्षिणेकडून उत्तरेला जाताना स्टाड, हुस्टाडविका, फोल्डा, वेस्टफ्यॉर्ड, लोप्पा बेटाजवळचा समुद्र आणि शेवटी बॅरेंट्स समुद्राचा उघडा किनारा, अशा या जागा क्रमानं येतात. बारा दिवसांच्या प्रवासात जहाज जोरात हलण्याची शक्यता असते ती मुख्यतः इथेच. म्हणजे समुद्र खवळणार का, या प्रश्नाचा अर्धा भाग आधीच सुटलेला असतो. कुठे, हे माहीत असतं. फक्त केव्हा आणि किती, एवढंच हवेवर असतं.

बर्गेन आणि वादळांचं शास्त्र

हवेचा अंदाज बांधण्याचं आधुनिक शास्त्र ज्या गावात आकाराला आलं, तेच नेमकं या प्रवासाचं पहिलं बंदर आहे. विल्हेल्म ब्यर्कनेस हे भौतिकशास्त्रज्ञ १९१७ मध्ये बर्गेनला आले. पहिलं महायुद्ध चालू होतं, शेजारी देशांकडून येणारी हवामानाची माहिती बंद झाली होती, आणि अन्नटंचाईमुळे शेतकऱ्यांना आणि मच्छीमारांना भरवशाचे अंदाज हवे होते. ब्यर्कनेस यांनी पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षणकेंद्रांचं दाट जाळं उभारलं. बेटांवरून आणि किनाऱ्यावरून वारा, ढग आणि पाऊस यांच्या नोंदी येऊ लागल्या.

त्या नोंदी नकाशावर मांडताना त्यांचे चिरंजीव याकोब ब्यर्कनेस आणि हाल्वर सोलबर्ग, टोर बेर्गेरॉन या सहकाऱ्यांना एक रचना दिसली. ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा एकमेकांत सहज मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये एक सीमा तयार होते, तिला बाक येतो, आणि त्या बाकातून कमी दाबाचं आवर्त जन्माला येतं. आज शाळेच्या भूगोलात शिकवली जाणारी उष्ण आणि शीत आघाडी ही बर्गेनच्या याच गटाची देणगी. हिवाळ्यात अशी आवर्तं आइसलंडच्या बाजूनं एकामागून एक नॉर्वेवर येतात. ती समुद्रावरची वाफ घेऊन येतात म्हणून बर्गेनला वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो.

या समुद्रात माणसाचे अंदाज किती तोकडे पडू शकतात, हेही इथेच नोंदलं गेलं. १ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेच्या दक्षिणेला, उत्तर समुद्रातल्या ड्राउप्नर या वायू-मंचावर लेसर यंत्रानं सुमारे २६ मीटर उंचीची एक लाट मोजली. त्या वेळी आजूबाजूच्या मोठ्या लाटा साधारण १२ मीटरच्या होत्या. अचानक भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या लाटांच्या गोष्टी खलाशी पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते. त्या दिवशी त्यांच्या म्हणण्याला यंत्राची साक्ष मिळाली.

स्टाड, आणि त्यामागचा फियॉर्ड

बर्गेन सोडल्यावर पहिली उघडी जागा स्टाडची. इथे मुख्य भूमीचाच एक जाड सुळका बेटांची रांग ओलांडून समुद्रात घुसला आहे. त्याला वळसा घालताना दोन बाजूंच्या लाटा एकमेकींना भेटतात, तळाच्या उंचसखलपणामुळे त्या आणखी चढतात, आणि वारा थांबल्यावरही पाणी कितीतरी वेळ उसळत राहतं. व्हायकिंग खलाशीसुद्धा वाईट हवेत हा वळसा टाळत. ते आपल्या नावा पाण्याबाहेर काढून ड्रागसाइडे या खिंडीतून जमिनीवरून ओढत नेत. आधुनिक नॉर्वेनं याच सुळक्याच्या बुडातून जहाजांसाठी १.७ किलोमीटर लांबीचा बोगदा खोदण्याची योजना आखली. मोठी जहाजं आरपार जातील असा बोगदा जगात अजून कुठेही नाही. ही योजना कितीतरी दशकं चर्चेत आहे आणि पुन्हा पुन्हा खर्चाच्या प्रश्नावर अडते.

स्टाड ओलांडलं की ऑलेसुंड येतं. २३ जानेवारी १९०४ च्या रात्री वादळी वाऱ्यात हे लाकडी गाव जवळजवळ पूर्ण जळालं आणि सुमारे दहा हजार माणसं बेघर झाली. पुढच्या तीनएक वर्षांत ते दगडविटांनी, तेव्हा युरोपात नव्या असलेल्या आर्ट नूव्हो शैलीत पुन्हा उभं राहिलं. आज ४१८ पायऱ्या चढून आक्स्ला टेकडीवर गेलं की मनोरे, कमानी आणि फुलापानांची नक्षी असलेलं हे एकसंध गाव आणि त्यापलीकडे समुद्रात विखुरलेली बेटं एका नजरेत मावतात.

उन्हाळ्यात जहाज ऑलेसुंडहून आत, गैरांगर फियॉर्डमध्ये जातं. १५ किलोमीटर लांबीचा हा फियॉर्ड २००५ पासून जागतिक वारसा आहे. त्याचं मूळ पुन्हा समुद्रातच आहे. अटलांटिकवरून आलेली वाफ डोंगरांवर बर्फ होऊन पडली, लाखो वर्षांत बर्फाचे थर साचले आणि हिमनद्या दऱ्या खरवडत समुद्राकडे सरकल्या. मुख्य हिमनदी जाड, म्हणून तिनं दरी खोलवर कापली. बाजूच्या लहान हिमनद्यांना तेवढं कापता आलं नाही, त्यामुळे त्यांच्या दऱ्या वर लटकत राहिल्या. आज त्या दऱ्यांतले ओढे थेट कड्यावरून कोसळतात, आणि ‘सात बहिणी’ नावाचे धबधबे तयार होतात. समुद्राजवळ हिमनद्यांचा जोर ओसरला, म्हणून फियॉर्डचा तळ आत खोल आणि तोंडाशी उथळ असतो. नॉर्वेतला सर्वांत मोठा सोग्ने फियॉर्ड आत १,३०० मीटरांवर खोल आहे, तोंडाशी मात्र त्याची खोली त्याच्या काही अंशाइतकीच उरते.

फियॉर्डचं पाणी इतकं स्तब्ध असतं की इथे धोकाच नाही असं वाटावं. पण एप्रिल १९३४ मध्ये याच परिसरातल्या ताफ्यॉर्डमध्ये डोंगराचा कडा पाण्यात कोसळला. त्यातून उठलेल्या लाटेनं ४० माणसांचा बळी घेतला. गैरांगरच्या वाटेवर ओकरनेस नावाचा डोंगरउतार आजही दरवर्षी काही सेंटीमीटर सरकतो. त्याच्या भेगेवर उपकरणं लावून अहोरात्र नजर ठेवली जाते, आणि गावं वेळेवर रिकामी करण्याची तयारी असते.

जहाजांच्या धुराचाही इथे विचार झाला आहे. वारसा यादीतल्या फियॉर्डमध्ये प्रदूषण न करणाऱ्या जहाजांनाच प्रवेश द्यावा, असा निर्णय नॉर्वेच्या संसदेनं २०१८ मध्ये घेतला. लहान जहाजांसाठी या नियमाची मुदत २०२६ ची आणि दहा हजार टनांवरच्या जहाजांसाठी २०३२ ची आहे. २०२१ मध्ये या वाटेवर आलेल्या हाविला कंपनीच्या जहाजांवर मोठ्या बॅटऱ्या आहेत. त्यांच्यावर जहाज काही तास इंजिनाच्या आवाजाशिवाय चालतं, आणि मग धबधब्याचा आवाज डेकवर स्पष्ट ऐकू येतो.

हुस्टाडविकाचा धडा

मोल्डे आणि क्रिस्तियानसुंड यांच्या मधला हुस्टाडविका हा उघडा पट्टा उथळ आणि खडकाळ आहे. खोल समुद्रातली लाट उथळ पाण्यात आली की तिचा वेग कमी होतो, ती आखूड आणि उभी होते, आणि जहाजाला जास्त त्रास देते.

२३ मार्च २०१९ रोजी वादळात इथून जाणाऱ्या ‘व्हायकिंग स्काय’ या पर्यटक जहाजाची वीज गेली आणि त्याचं इंजिन बंद पडलं. जहाजावर १,३७३ माणसं होती. वारा त्याला खडकांकडे ढकलत होता. नांगर टाकूनही ते सरकत राहिलं आणि अगदी थोडक्यात वाचलं. हेलिकॉप्टरनी एकेक करत ४७९ जणांना वर उचलून नेलं. इंजिन पुन्हा चालू झाल्यावर दुसऱ्या दिवशी जहाज मोल्डे बंदरात आलं. चौकशीत कारण निघालं ते वंगणतेलाचं. टाक्यांमध्ये तेल हवं त्यापेक्षा कमी होतं. जहाज डोलायला लागल्यावर ते एका बाजूला गेलं, पंपांना हवा लागली, आणि यंत्रं स्वतःच्या संरक्षणासाठी बंद पडली.

यातून कळतं ते असं, की धडधाकट जहाजाला लाटा सहसा बुडवत नाहीत. घात होतो तो किनाऱ्याजवळ, शक्ती किंवा दिशा हरवल्यावर. १९६२ मध्ये याच सेवेची ‘सांक्त स्वितुन’ ही बोट फोल्डाच्या परिसरात वाट चुकून खडकावर गेली आणि चाळीसहून अधिक माणसं दगावली. मराठी वाचकाला ‘रामदास’ आठवेल. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक लोक गेले. तिचा प्रवास जेमतेम काही मैलांचा होता. म्हणूनच खराब हवेत एखादा कॅप्टन बंदर गाळून पुढे जातो किंवा आडोशाला थांबून राहतो, तेव्हा तो आपलं काम चोख करत असतो. बंदर गाळण्याचं कारण बऱ्याचदा लाट नसून वारा असतं. उंच जहाजाची बाजू वाऱ्यापुढे शिडासारखी वागते आणि धक्क्याला लागणं धोक्याचं होतं.

परतीच्या वाटेवरची एक सहल हाच समुद्र किनाऱ्यावरून दाखवते. प्रवासी क्रिस्तियानसुंडला उतरतात आणि बसनं मोल्डेला जाऊन पुन्हा जहाजावर चढतात. वाटेत अटलांटिक रोड लागतो. १९८९ मध्ये खुला झालेला हा सव्वाआठ किलोमीटरचा रस्ता आठ पुलांवरून बेटाबेटांवर उड्या घेत हुस्टाडविकाच्या कडेनं जातो.

बोट का लागते

बोट लागणं हा पोटाचा आजार नाही, मेंदूचा गोंधळ आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारी इंद्रियं सांगतात की शरीर वरखाली होतंय, आणि केबिनच्या भिंतीकडे पाहणारे डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. सगळ्या हालचाली सारख्या त्रासदायक नसतात. साधारण दर पाच-सहा सेकंदांनी एकदा वर जाऊन खाली येणं शरीराला सर्वांत कमी मानवतं, आणि मध्यम समुद्रात जहाजाची लय नेमकी याच्या जवळपास असते.

जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात. ते जहाजाचं डावीउजवीकडे डोलणं बरंच कमी करतात. पण पुढची बाजू वर-मागची खाली अशा हालचालीपुढे त्यांचं फारसं चालत नाही, आणि जहाजाचा वेग कमी झाला की त्यांचा जोरही ओसरतो. तेव्हा उपाय आपल्याच हातात असतात. केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण तिथे हेलकावा सर्वांत लहान असतो. उघड्यावर जाऊन क्षितिजाकडे पाहावं. पोट रिकामं ठेवू नये, तुडुंबही भरू नये. पुस्तक आणि मोबाइल बाजूला ठेवावा. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी, डॉक्टरांना विचारून घ्यावी. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. वेळापत्रकात उघड्या पट्ट्यांच्या वेळा कळतात, त्याप्रमाणे जेवण आणि झोप आखता येते.

उबदार वारा, गार मासा

आर्क्टिक वृत्त ओलांडताना समुद्रातल्या व्हिकिंगेन नावाच्या खडकावर पृथ्वीगोलाचं शिल्प दिसतं, आणि जहाजावर वरुणदेवाच्या वेशातला खलाशी प्रवाशांच्या मानेत बर्फाचं पाणी ओततो. मग येतं बोडो. इथली प्रसिद्ध सहल सॉल्टस्ट्रॉमेनची. सुमारे १५० मीटर रुंद चिंचोळ्या वाटेनं भरती-ओहोटीच्या प्रत्येक पाळीला, म्हणजे साधारण सहा तासांत, जवळजवळ ४० कोटी घनमीटर पाणी आत-बाहेर जातं. पाण्यात भोवरे फिरतात, आणि त्यांनी उसळवलेल्या अन्नावर मासे आणि पक्षी गर्दी करतात.

बोडोहून लोफोटेनला जाताना सुमारे चार तास वेस्टफ्यॉर्ड ओलांडावा लागतो. नाव फियॉर्डचं असलं तरी तो नैर्ऋत्येला सताड उघडा समुद्र आहे. त्या दिशेनं वारा आला की लाटा थेट आत शिरतात. पण त्याच उघड्या दारातून अटलांटिकचं कोमट पाणी आत येतं. जानेवारी ते एप्रिलमध्ये बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासे शेकडो मैल पोहत इथे अंडी घालायला येतात. वरचं गार आणि खालचं कोमट पाणी जिथे भेटतं, त्या चार ते सहा अंश सेल्सिअसच्या थरात ते थांबतात. पकडलेला कॉड लोफोटेनमध्ये मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून वाळवतात. आपल्याकडचे बोंबील वाळतात ते उन्हावर, हा वाळतो तो गार वाऱ्यावर. इथला हिवाळा शून्याच्या आसपास राहतो, त्यामुळे मासा गोठून फुटत नाही आणि सडतही नाही. असा सुका कॉड शतकानुशतकं बर्गेनला जाऊन तिथून युरोपभर विकला गेला. बर्गेनच्या धक्क्यावरच्या ब्रिगेन या लाकडी वखारी त्याच व्यापारावर उभ्या राहिल्या. प्रवासाच्या पहिल्या दिवशी पाहिलेल्या त्या घरांचं भांडवल अशा रीतीनं चौथ्या दिवशी मांडवावर टांगलेलं दिसतं.

थोडं पुढे ट्रोलफ्यॉर्ड आहे. दोन किलोमीटर लांब, तोंडाशी जेमतेम शंभर मीटर रुंद, आणि दोन्हीकडे उभे कडे. १८९० मध्ये इथे आगबोटींच्या मालकांनी मासे अडवून धरल्यावर लहान होड्यांच्या कोळ्यांनी त्यांच्याशी मारामारी करून वाट मोकळी केली. नॉर्वेच्या मासेमारीच्या इतिहासात ही लढाई आजही सांगितली जाते.

ट्रोम्सो, हामरफेस्ट ही बंदरं सत्तर अंश अक्षांशाच्या आसपास आहेत. ग्रीनलंडमध्ये या अक्षांशावर हिवाळ्यात समुद्र गोठतो. इथे तो मोकळा राहतो. अटलांटिकचा कोमट प्रवाह आणि नैर्ऋत्येचे वारे यांची ही किमया आहे. तेच वारे वादळंही आणतात. तो प्रवाह आणि ते वारे नसते तर ही बंदरं गोठली असती, आणि हिवाळी बोटसेवाही झाली नसती.

उघड्या टोकाकडे

हॉनिंग्सवॉगला जहाज साडेतीन तासांच्या आसपास थांबतं आणि बसगाड्या नॉर्थ केपला जातात. ३०७ मीटरांचा हा कडा ७१ अंश १० मिनिटांवर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथे सूर्य मावळत नाही. यापुढे बेटांचा आडोसा जवळजवळ संपतो आणि डावीकडे बॅरेंट्स समुद्र उघडा होतो.

या किनाऱ्यावरचं बेर्लेवोग अवश्य पाहावं, जरी तिथे जहाज थोडाच वेळ थांबत असलं तरी. या गावानं बांधलेले धक्के वादळांनी पुन्हा पुन्हा फोडले. कितीतरी वर्षं मोठी बोट बाहेर उभी राहायची आणि माणसं लहान होडीतून ये-जा करायची. कोकणातल्या बंदरांवर मचव्यातून बोट गाठणाऱ्यांना ही तारांबळ ठाऊक होती. अखेर चार पायांचे अवजड काँक्रीटचे ठोकळे एकमेकांत अडकवून बांध घातला गेला, आणि १९७० च्या दशकात बेर्लेवोगला सुरक्षित बंदर मिळालं. असे ठोकळे लाटेला थोपवून धरत नाहीत. पाणी त्यांच्या फटींतून शिरतं आणि तिथेच त्याचा जोर मोडतो.

सहल आणि सेवा

उत्तरेला जाताना जी बंदरं रात्री येतात, त्यातली बरीच परतताना दिवसा येतात. त्यामुळे शक्य असेल तर जाणं-येणं दोन्ही करावं. उजेड हवा असेल तर मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत जावं, समुद्रही तेव्हा त्यातल्या त्यात शांत असतो. ध्रुवीय प्रकाश पाहायचा तर सप्टेंबरअखेर ते मार्च. त्या काळात वादळांची तयारी ठेवावी. जहाजानं आखलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाजाकडून सोय होते, स्वतःहून भटकायला गेलेल्यासाठी ते थांबत नाही. प्रवास संपतो त्याच दिवशी विमानाचं तिकीट काढू नये.

हे सगळं करताना ध्यानात असावं की आपल्या केबिनखाली माल भरलेला आहे आणि शेजारच्या खुर्चीवर पुढच्या बंदरात दवाखान्याला किंवा लेकीकडे निघालेलं कुणीतरी बसलं आहे. ३४ बंदरांना वर्षभर सेवा मिळावी म्हणून नॉर्वेचं सरकार कंपन्यांशी करार करून पैसे देतं, आणि पर्यटकांच्या भाड्यानं त्याला हातभार लागतो. २०११ च्या जूनमध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीनं हा प्रवास १३४ तास सलग, थेट दाखवला. सुमारे पन्नास लाख लोकसंख्येच्या देशात निम्म्याहून अधिक लोकांनी तो कधी ना कधी लावला, आणि बंदराबंदरांवर माणसं झेंडे घेऊन आली. देखावे जगात पुष्कळ ठिकाणी आहेत. या किनाऱ्यावर मात्र देखाव्यात अजून माणसं राहतात, कारण त्यांची बोट बंद पडू दिली गेली नाही. कोकणची प्रवासी बोट रस्ते आणि रेल्वेपुढे थांबली, हे आठवलं की या सातत्याचं मोल अधिकच जाणवतं.

म्हणून या प्रवासाची तयारी करताना सहलींची यादी उघडण्याआधी नकाशा उघडावा आणि बेटांची रांग कुठेकुठे तुटते ते पाहावं. तिथे जहाज हलेल. आणि त्याच्या आगेमागे जो कडा, जो मासा, जे गाव पाहायला आपण उतरू, ते तिथे का आहे हेही तिथेच कळेल.